रीलला स्टेशन लागत नाही

दिव्याहून रोह्याला येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीतला एखादा डबा नीट पाहा. पनवेल सुटलं की गप्पा ओसरतात आणि माना खाली जातात. आपट्याला कोणी डोकं वर काढत नाही, जिते-हमरापूर कधी गेलं ते कळत नाही. पेण आलं की निम्मा डबा खडबडून उठतो. पिशव्या काढायच्या, जेवणाचा डबा शोधायचा, पायातून सुटलेली चप्पल बाकाखालून ओढायची, अशी घाई होते. उरलेल्यांचं कासू, नागोठणं, निडी करत चालू राहतं, आणि रोह्याला सगळ्यांनाच उतरावं लागतं. गाडीतल्या स्क्रोलिंगचा निदान हा एक फायदा आहे की कधी ना कधी स्टेशन येतं. घरी आल्यावर तोच फोन घेऊन कॉटवर आडवं पडलं, की उतरायची वेळ सांगणारं कोणी नसतं.

फोनच्या नादावर जे सल्ले दिले जातात त्यातले बहुतेक मनाला आवर घालण्याचे असतात. निश्चय करा, संयम ठेवा, मोह टाळा. हे सल्ले देणारेही रात्री रील्स बघतच झोपतात, तेव्हा त्यांना फार मनावर घेऊ नये. फीडला शेवट नसतो, म्हणून तो आपल्याला बाहेरून आणून बसवावा लागतो. घड्याळ, रिचार्जचा पॅक, घरातला दुसरा माणूस, गावाची ठरलेली वेळ, जे हाताशी असेल ते वापरायचं. या लेखात त्याचेच काही प्रकार सांगतो.

आधी हा शेवट गेला कुठे ते पाहू. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. सुरुवातीच्या वेबसाइटांनाही असायचं, खाली ‘पुढचं पान’ असं बटण असे आणि ते दाबायचं की नाही हे क्षणभर ठरवावं लागे. 2006 साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकी डिझायनरने ते बटणच काढून टाकलं. पान संपत आलं की पुढचा मजकूर आपोआप येऊन चिकटायचा. वाचणाऱ्याची सोय व्हावी हा त्याचा हेतू होता. पुढे त्यानेच या शोधाबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी सप्टेंबरात फेसबुकची न्यूज फीड सुरू झाली.

आपल्याकडे हे प्रकरण दहा वर्षांनी पोचलं, पण आलं ते लोंढ्यासारखं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. जून 2020 च्या अखेरीस सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. टिकटॉकची जागा रिकामी राहील असं ज्यांना वाटलं त्यांचा अंदाज काही आठवड्यांतच चुकला. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. टाळेबंदी चालू होती, शाळा फोनवर भरत होती आणि घरोघरी मुलांच्या हातात मोबाइल अधिकृतपणे आला होता.

रीलपाशी माणूस का बसून राहतो, हे अंबेच्या खाडीत गळ टाकून बसणाऱ्याला विचारावं. दर वेळी मासा लागला असता तर तो तासाभरात पिशवी भरून घरी गेला असता. कधीच लागला नसता तरी उठला असता. कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणून तो दुपार घालवतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं. बक्षीस अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळत गेलं, तर कबूतर चोच मारणं सोडत नाही. दहा रीलमधल्या नऊ भिकार असतात ते तुमच्या नशिबाने नव्हे. दहावी चांगली लागेल या आशेवरच अंगठा फिरत असतो.

आता कामाचं. सगळ्यात आधी आपला आकडा बघा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’. दोन्ही सोयी 2018 पासून आहेत आणि बहुतेकांनी त्या एकदाही उघडलेल्या नाहीत. तिथे कोणत्या ॲपवर किती वेळ गेला आणि दिवसात किती वेळा फोन उघडला, हे दोन्ही दिसतं. एकाच दिवसाचा आकडा पाहून घाबरू नका, आठवड्याचा पाहा. रविवारचा वेगळा पाहा, तो बोलका असतो. रोजचे दोन तास निघाले तर वर्षाचे 730 तास होतात. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत काम करणाऱ्याच्या हिशेबाने सांगायचं तर आठ तासांच्या 91 पाळ्या, तीन महिन्यांचं बिनपगारी काम. हा आकडा बायकोला किंवा नवऱ्याला दाखवा. एकट्याने पाहिलेला आकडा संध्याकाळपर्यंत विसरतो.

त्याच सेटिंगमध्ये ॲपला रोजची मर्यादा घालता येते. अर्धा तास ठरवलात की अर्ध्या तासाने ॲप बंद पडतं. ते पुन्हा चालू करायचं बटणही तिथेच असतं आणि चार दिवसांत अंगठ्याला त्याची सवय होते. आयफोनवर यावर एक उपाय आहे. स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाला ठेवायला सांगावा, तुम्हाला तो कळू नये. अँड्रॉइडवाल्यांनी मर्यादेच्या भानगडीत फार न पडता ॲपच काढून टाकलेलं बरं. खातं तसंच राहतं, ब्राउझरमधून पासवर्ड टाकून हवं तेव्हा बघता येतं. ब्राउझरमध्ये ते रखडत चालतं, आणि त्या रखडण्याचा आपल्याला उपयोग होतो.

यूट्यूब काढून टाकणं अनेकांना जमत नाही. त्यात भजनं असतात, मुलांचे धडे असतात, पंप दुरुस्तीपासून गाडीच्या कार्बोरेटरपर्यंत सगळं असतं. तिथे वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग ॲप उघडल्यावर समोर रिकामं पान येतं, वर नुसती शोधायची जागा. जे हवं ते टाइप करायचं, बघायचं आणि निघायचं. शॉर्ट्ससाठी रोजची वेगळी मर्यादा घालायची सोयही यूट्यूबने अलीकडे दिली आहे. इन्स्टाग्राममध्ये सुचवलेल्या पोस्ट 30 दिवसांपुरत्या थांबवता येतात, फेसबुकवर व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करता येतं. नोटिफिकेशन सरसकट बंद करावीत, फक्त फोन आणि माणसांचे निरोप तेवढे वाजू द्यावेत. रात्री पडद्याचे रंग घालवून तो काळापांढरा करायची सोयही अँड्रॉइडच्या ‘बेडटाइम मोड’मध्ये असते. ती काहींना लागू पडते, काहींना नाही. करून पाहायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडच्या रिचार्जचं गणित मात्र सल्ले देणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. बहुतेकांचा पॅक रोजच्या दीड किंवा दोन जीबीचा असतो. न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो. मग साडेदहाला ‘अजून अर्धा शिल्लक आहे’ असं दिसलं की तो फुकट घालवणं जिवावर येतं. ताटात टाकू नये या संस्कारात वाढलेली माणसं आपण, डेटाही चाटूनपुसून संपवतो. यावर माझा सल्ला असा की पुढच्या रिचार्जला पूर्ण मुदतीसाठी मिळून ठरावीक जीबी देणारा पॅक घ्या. असे पॅक सगळ्या कंपन्यांकडे असतात, दुकानदार आपणहून दाखवत नाही इतकंच. त्यात न वापरलेला डेटा उद्याला उरतो, त्यामुळे रात्री फोन ठेवला तर तोटा होत नाही, उलट बचत होते. ज्यांना नेट लागतच नाही अशा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही आता मिळतात. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना ते द्यायला लावले.

ज्यांचा धंदाच फोनवर चालतो त्यांचं काय, हा प्रश्न पेणमध्ये विचारल्याशिवाय राहवत नाही. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत आणि त्यांच्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. आता गिऱ्हाईक मूर्ती पाहतं ते बऱ्याचदा फोनवरच. नवीन साचा निघाला की त्याचा व्हिडिओ टाकावा लागतो, रंग दाखवावे लागतात, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. अशा माणसाला ‘इन्स्टाग्राम सोडा’ म्हणणं म्हणजे दुकान बंद करा म्हणण्यासारखं आहे. अडचण व्हिडिओ टाकण्याची नसते. टाकल्यावर किती जणांनी पाहिला ते बघायला आत शिरायचं आणि तिथून दुसऱ्याच्या मूर्ती, तिसऱ्याचं लग्न, चौथ्याचा अपघात असं करत अर्धा तास घालवायचा, ही खरी अडचण.

म्हणून दाखवण्याचं काम आणि बघण्याचं काम वेगळं करावं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकण्यासाठी कंपनीचं ‘मेटा बिझनेस सूट’ नावाचं वेगळं ॲप आहे. त्यातून फोटो, व्हिडिओ टाकता येतात, आलेले निरोप वाचून उत्तरं देता येतात आणि समोर फीड येत नाही. मूर्तींचे फोटो आणि भाव व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये एकदा भरून ठेवले, की दर गिऱ्हाइकाला वेगवेगळे फोटो शोधून पाठवायची गरज उरत नाही. उत्तरं द्यायची वेळ ठरवावी, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी कारखाना बंद करताना. ऐन हंगामात दिवसात आणखी एखादी वेळ वाढेल, वाढू द्यावी.

अशा कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बसतो त्याच्याकडे एकदा पाहावं. बाजूला फोन असतो, त्यावर गाणी लागलेली असतात, आणि पडदा पालथा असतो. श्वास धरून बारीक कुंचल्याने बुबुळाची रेघ ओढणाऱ्याला वर पाहायची सोय नसते. रेघ हलली तर पूर्ण मूर्तीचा भाव बिघडतो. त्याने फोन सोडलेला नाही, फक्त डोळे त्याला दिलेले नाहीत. ज्यांना घरात शांतता सोसत नाही त्यांनी हा मार्ग धरावा. गाणी ऐका, कीर्तन ऐका, क्रिकेटचं समालोचन ऐका, पण फोन पालथा ठेवून.

हात गुंतलेले असले की स्क्रोलिंग आपोआप थांबतं, ही गोष्ट शेतीवाल्यांना सांगायला नको. जुलैत लावणीच्या चिखलात उतरलेल्या माणसाचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावर असतो आणि दिवसभरात त्याची आठवणही फारशी येत नाही. पण लावणी वर्षातून एकदाच. बाकीच्या संध्याकाळींसाठी हाताला दुसरं काही हवं. आपल्या भागात कबड्डीचं मैदान बहुतेक गावाला आहे, भजनी मंडळं आहेत, गणपतीच्या आधी जाखडीच्या तालमी होतात. मृदंग वाजवताना कोणी रील बघत नाही. ज्यांना यातलं काहीच नको त्यांनी भाजी निवडावी, सायकल पुसावी, मुलाच्या वह्यांना कव्हरं घालावीत. पुस्तक वाचा असंही सांगितलं असतं, पण फोनवरून थेट पुस्तकावर उडी बहुतेकांना जमत नाही. डोळे थकलेले असतात. मधे थोडं हातकाम झालं तर ते पुढे सोपं जातं.

रात्रीचं वेगळं बोलायला हवं. जनरल शिफ्टवाल्याचं एक वेळ ठीक आहे, धाटाव किंवा नागोठण्याच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट करून येणारा घरी पोचतो तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते. घर झोपलेलं, जेवण झाकून ठेवलेलं, बोलायला कोणी नाही. एका हाताने जेवण, दुसऱ्या हातात फोन. जेवण संपतं, फोन चालूच राहतो. हा माणूस आळशी नसतो, एकटा असतो. त्याला ‘दहा वाजता फोन बंद करा’ सांगून उपयोग नाही. त्याने बघण्याचं आधी ठरवून ठेवावं, एक सिनेमा किंवा मालिकेचा एक भाग डाउनलोड करून ठेवावा आणि घरात शिरताना डेटा बंद करावा. अर्ध्या-पाऊण तासाचा भाग संपतो. शॉर्ट्स संपत नाहीत.

आणि सगळ्यांसाठीच, उशाशी फोन ठेवायचं नेहमीचं कारण गजर हे असतं. पहाटेची गाडी पकडायची असते, गजर लागतोच. त्यासाठी बाजारातून एक साधं गजराचं घड्याळ आणावं आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. रात्री बारा वाजता उठून तिकडे जाऊन फोन आणणारा माणूस विरळा. गजर बंद करायला घेतलेल्या फोनवर अंथरुणातच व्हॉट्सॲपचे स्टेटस बघण्यात जी सकाळ जाते, तीही वाचते.

मुलांचा विषय निघाला की सगळ्यांनाच फार बोलायचं असतं, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून जास्त नाही. जेवताना भरवण्यासाठी फोन लावून देणाऱ्या घरांनी हे वाचून ठेवावं. मोठ्या मुलांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाने कायदाच केला, 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने तीन वर्षं आधी, नोव्हेंबर 2022 मध्ये, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला होता. तळमळ समजते, पण मला ही दिशा अर्धवट वाटते. मुलाच्या हातातला फोन काढून घेणारा बाप तोच फोन घेऊन ओटीवर बसला, तर मुलगा एवढंच शिकतो की मोठं झालं की चालतं. आणि आजी-आजोबांना तर कोणी विचारतच नाही. निवृत्तीनंतर दिवसभर फॉरवर्ड वाचणाऱ्या माणसाचे डोळे आणि झोप कोणाच्या हिशेबात नसतात.

काही जणांच्या बाबतीत घरगुती उपायांनी भागत नाही. फोन काढून घेतला की मुलगा वस्तू फेकतो, शाळा किंवा कामावर जाणं सुटतं, रात्रीची झोप उरतच नाही, फोनसाठी खोटं बोलणं किंवा उधारी सुरू होते. अशा वेळी रागावण्यात दिवस घालवू नयेत. ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. नंबर 14416, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर 2014 पासून फक्त या त्रासासाठी वेगळा दवाखाना आहे. म्हणजे डॉक्टरांना हा विषय नवा नाही, सांगायला संकोच करू नये.

बान्सीच्या ठरावाच्या काही महिने आधी सांगली जिल्ह्यात जे झालं ते मला जास्त पटतं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनानंतर शाळा भरू लागल्यावर शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलांचं वर्गात लक्ष लागत नाही आणि घरी गेली की ती फोनवर असतात. ऑगस्ट 2022 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातल्या बायकांची सभा बोलावली गेली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. भैरवनाथाच्या देवळावरून संध्याकाळी सात वाजता तो वाजतो. त्यानंतर दीड तास गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून सांगत होते, सायंकाळी गल्लीतून चक्कर मारत होते. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी या गावाच्या बातम्या छापल्या.

यातली खुबी अशी की वेळ सगळ्यांना एकच आहे. शेजारचाही फोन बंद असतो, त्यामुळे आपण काही चुकवतोय अशी हुरहुर लागत नाही. ग्रुपवर कोणी काही टाकतच नाही, तर बघणार काय? आणि शेवट कोणाच्या निश्चयावर अवलंबून नाही, भोंग्यावर आहे. निश्चयाला सुट्टी घेता येते.

निडीसारख्या गावात हे करायचं झालं तर वडगावची वेळ जशीच्या तशी उचलून चालणार नाही. सात वाजता आपली कितीतरी माणसं अजून गाडीत किंवा कंपनीच्या बसमध्ये असतात. त्यामुळे सुरुवात आठनंतर करावी आणि दीड तासाऐवजी एका तासापासून करावी. रोज जमणार नसेल तर शनिवार-रविवार सोडून पाच दिवस. पाळीवाल्यांना सूट असावी, आजाऱ्याच्या घरी फोन चालू असावा, आणि दंड ठेवू नये. दंड आला की भांडणं येतात आणि महिन्याभरात भोंगा गंजतो. एवढंही जमत नसेल तर एका आळीने, चार-पाच घरांनी मिळून सुरू करावं. भोंग्याऐवजी देवळाची घंटा चालते, एखाद्या घरातल्या आजीची हाकही चालते.

ग्रामपंचायतीकडून करायचं असेल तर वडगावने धरलेला क्रम चांगला आहे, आधी बायकांची सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं आपल्याकडे कायद्यानेच ठरलेलं आहे, पण ती बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवरच होते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा घ्यायचा रिवाज आहे. त्यातली जवळची तारीख धरा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे विषय लेखी द्या, पोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. तोंडी सांगितलेला विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यात जातो, आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.